वळवाच्या पावसानंतर तलावात उतरण्यापूर्वी

शिरूर आणि दौंड तालुक्यांत पोहण्याचा मोसम आणि वादळाचा मोसम एकाच वेळी येतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, शाळांना सुट्टी लागते, पुण्या-मुंबईची मंडळी गावाकडच्या फार्महाऊसवर येतात आणि पोरे दिवसभर पाण्यात असतात. दुपार कलली की वारा सुटतो, धुळीचा लोट उठतो आणि वळीव कोसळतो. अर्ध्या तासात लाईट जाते. आंब्याची पाने, पत्र्यावरची धूळ, अंगणातली माती आणि बांधापलीकडच्या रानातले पाणी असे सगळे मिळून तलावात उतरते. सकाळी पाहावे तर निळ्या पाण्याचा चहा झालेला असतो. मग घरचे लोक बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतात. डब्यात असेल तेवढी पावडर ओततात, नाही तर पंप लावून सगळा तलाव रिकामा करतात. दोन्ही उपाय वेळप्रसंगी अंगाशी येऊ शकतात.

पुणे-सोलापूर रस्त्याने यवत, केडगाव, पाटसपर्यंत आणि पुणे-अहिल्यानगर रस्त्याने शिक्रापूर, रांजणगावच्या पुढेपर्यंत अशी घरे आता जागोजाग दिसतात. मोराची चिंचोलीसारख्या गावांनी कृषी पर्यटनाची वाट धरली, तसे पाहुण्यांसाठी पाण्याची सोय करणेही ओघाने आले. हे तलाव छोटे असतात. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल असा तलाव धरला तर त्यात चाळीस हजार लिटर पाणी मावते. शहरातल्या सार्वजनिक तलावावर जीवरक्षक असतो, पाणी तपासणारा माणूस असतो. इथे बोअरची मोटर चालू-बंद करणारा गडीच तलावाचा पंपही पाहतो. त्याला कुणी काही शिकवलेले नसते आणि मालक आठवड्यातून एकदा येतो.

पाऊसही आता ठरल्या वेळी येत नाही. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात त्याच दिवसांत शेतांत पाणी उभे होते. वर्षाला सरासरी जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा पर्जन्यछायेचा पट्टा आहे. त्यातला मोठा वाटा मोजक्या जोरदार सरींत पडून जातो. उन्हाळ्यातला वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस हे इथले खरे वादळी दिवस.

आभाळातले पाणी आणि अंगणातले पाणी

पावसाने तलाव बिघडतो, असे सरसकट म्हटले जाते. हिशेब वेगळे सांगतो. वर सांगितलेल्या तलावाचे तोंड ३२ चौरस मीटरचे. एका सरीत ५० मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे दणदणीत झाला, तरी थेट आभाळातून त्यात पडणारे पाणी १६०० लिटर. चाळीस हजारांत हे चार टक्के झाले. त्याने क्लोरीन थोडे पातळ होते, पाणी थोडे वर येते, एवढेच.

आता अंगणाकडे पाहू. घराचे छप्पर, फरशी आणि मोकळी जागा मिळून २०० चौरस मीटर धरली, तर त्याच सरीत तिथे दहा हजार लिटर पाणी पडते. त्यातला पाचवा हिस्सा जरी उताराने तलावात आला, तरी ते दोन हजार लिटर होतात आणि ते नुसते पाणी नसते. त्यात माती असते, कुत्र्या-मांजरांची घाण असते, गोठा वरच्या अंगाला असेल तर शेणामुताचे पाणी असते आणि शेजारी ऊस असेल तर त्याला टाकलेल्या युरियाचा नि मिश्रखताचा अंशही असतो. शेवाळ्याला वाढायला नत्र आणि स्फुरद लागते. ते दोन्ही घरपोच मिळाल्यावर दोन दिवसांत भिंती हिरव्या होतात यात नवल नाही.

म्हणून या भागातल्या तलावाची पहिली निगा रसायनाच्या डब्यात नसून फावड्यात आहे. तलावाचा काठ जमिनीपासून वीतभर तरी उंच हवा. भोवतालच्या फरशीचा उतार तलावाकडे न येता बाहेर जायला हवा. वरच्या अंगाला एक उथळ चारी काढून पाणी बाजूला वळवले आणि छपराच्या पन्हळीचा पाइप लांब नेऊन सोडला, की निम्म्याहून अधिक कटकट संपते. शेतकऱ्याला हे काम नवे नाही. विहिरीत रानातले पाणी जाऊ नये म्हणून तो तिला कठडा बांधतोच. तलाव बांधणारे ठेकेदार मात्र देखणेपणासाठी काठ जमिनीलगत ठेवतात, आणि त्या देखणेपणाची किंमत दर पावसाळ्यात मोजावी लागते.

दुसरा गैरसमज आम्लाचा. पावसाचे पाणी आम्लधर्मी असते, म्हणून वादळानंतर सोडा टाकावा, असा सल्ला परदेशी माहितीतून उचलून अनेक जण देतात. आपल्याकडच्या मातीच्या धुळीत चुन्याचे प्रमाण चांगले असते. ती धूळ पावसात मिसळते, त्यामुळे भारतात पुष्कळ ठिकाणी, विशेषतः पहिल्या सरींचे पाणी, उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी असते. शिवाय शिरूर-दौंडच्या बोअरचे पाणी सहसा जड असते, हे तिथल्या कोणत्याही घरातल्या नळाच्या तोटीवरचा पांढरा थर सांगतो. अशा पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, आधीच आठच्या घरात असू शकतो. त्यात आणखी सोडा टाकणे म्हणजे क्लोरीनचे हातपाय बांधणे.

ते कसे, हे थोडे समजून घ्यायला हवे. पाण्यात गेलेले क्लोरीन दोन रूपांत राहते. जंतू मारण्याचे खरे काम हायपोक्लोरस आम्ल करते, तर त्याचा दुसरा भाऊ हायपोक्लोराइट आयन फार मंद असतो. सामू ७.२ असेल तर सुमारे दोन तृतीयांश क्लोरीन कामाच्या रूपात असते. सामू ८ झाला की जेमतेम पाव हिस्सा उरतो. डब्यातून तेवढीच पावडर जाते, पण काम निम्म्याहूनही कमी होते. म्हणून तलावाचा सामू ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान ठेवावा, असे जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मातीपरीक्षणाच्या अहवालात सामू वाचणाऱ्या शेतकऱ्याला हा आकडा पाहण्याची सवय असतेच. फक्त तो पाण्यासाठीही मोजायचा असतो, हे कुणी सांगितलेले नसते.

भरायचे पाणी कुठले?

वादळानंतर पाणी उपसले की नवे भरावे लागते, आणि या दोन तालुक्यांत पाणी कुठून येते यावर पुढचे पुष्कळ काही ठरते. शिरूरच्या काही भागात चासकमानचा कालवा आहे, घोड नदी आहे. दौंडला खडकवासल्याहून येणारा नवा मुठा उजवा कालवा आहे. त्याच्याच जोडीला जुना मुठा कालवा आहे, ज्याला लोक बेबी कालवा म्हणतात. पुणे महापालिकेच्या मुंढवा जॅकवेलमधून प्रक्रिया केलेले सांडपाणी त्यात सोडले जाते आणि ते हवेली-दौंडच्या शेतीला मिळते. मुळा-मुठा नदी पुण्याचे पाणी घेऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. नदीवर पसरणारी जलपर्णी त्या पाण्यात किती पोषणद्रव्ये आहेत, हे कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय दाखवते. उसाला हे पाणी चालते. पोहायच्या तलावाला मात्र ते वेगळ्या कारणाने महागात पडते.

सांडपाण्याच्या वळणाचे पाणी असले की त्यात अमोनिया असतो. क्लोरीन जंतूंकडे वळण्याआधी या अमोनियाशी भिडते आणि क्लोरामाइन नावाची संयुगे तयार होतात. एक भाग अमोनियाच्या नत्राचा निकाल लावायला साधारण आठ ते दहा भाग क्लोरीन खर्ची पडते. आपल्या चाळीस हजार लिटरच्या तलावात लिटरमागे एक मिलिग्रॅम अमोनिया-नत्र असेल, तर ३२० ते ४०० ग्रॅम शुद्ध क्लोरीन नुसते त्याच्यामागे जाते. बाजारातल्या पावडरीच्या भाषेत हे एक ते सव्वा किलोच्या आसपास झाले. तोवर जंतू मारायला क्लोरीन शिल्लकच नसते. गडी म्हणतो, काल एवढी पावडर टाकली. तो खोटे बोलत नसतो.

डोळे चुरचुरणारा आणि नाकात जाणारा जो वास आपण ‘क्लोरीनचा वास’ म्हणून ओळखतो, तो बहुतांश या क्लोरामाइनचा असतो. पोहणाऱ्यांचा घाम आणि लघवी यांच्यापासूनही तीच संयुगे बनतात. पाहुणे तलावाजवळ येतात, वास घेतात आणि म्हणतात, ‘बरोबर क्लोरीन मारलेले दिसतेय.’ प्रत्यक्षात त्या वासाचा अर्थ उलटा असतो. क्लोरीन होते, ते घाणीशी झुंजण्यात संपले. नीट राखलेल्या तलावाला वास जवळपास येत नाही.

वास आणि रंग दोन्ही फसवे असल्यावर मोजण्यावाचून इलाज नाही. खेड्यांत हे मोजणे अनोळखी नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळाच्या पाण्याची ‘ओटी’ चाचणी करतो. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरीन असलेले पाणी पिवळे होते. नळाच्या पाण्याला ही चाचणी ठीक आहे, पण ती मुक्त क्लोरीन आणि क्लोरामाइन यांत नीट फरक करत नाही. अमोनियाने भरलेल्या तलावातही ती छान पिवळी येऊ शकते. तलावासाठी ‘डीपीडी’ या रसायनावर चालणारा संच घ्यावा. त्यात पाणी गुलाबी होते आणि मुक्त व एकूण क्लोरीन वेगवेगळे मोजता येते. मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान एक मिलिग्रॅम असावे, असे अमेरिकेचे रोग नियंत्रण केंद्र सांगते. उन्हापासून क्लोरीन टिकवणारे सायन्युरिक आम्ल तलावात वापरले असेल, तर ही पातळी किमान दोन हवी. लहान गोल टिकल्यांच्या रूपात मिळणाऱ्या क्लोरीनमध्ये हे आम्ल आधीच असते, हे लक्षात ठेवायचे.

पावडरीचा हिशेबही सोपा आहे. चाळीस हजार लिटरला एक मिलिग्रॅमची वाढ द्यायला ४० ग्रॅम क्लोरीन लागते. ‘टीसीएल’ म्हणून ओळखली जाणारी ब्लीचिंग पावडर ताजी असताना तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असते, म्हणजे १२० ग्रॅम पावडर पुरते. पण उघड्या पोत्यात, दमट हवेत तिचा कस झपाट्याने उतरतो. गेल्या वर्षीचे पोते यंदाच्या पावसाळ्यात निव्वळ चुना झालेले असू शकते. पावडर थेट तलावात न टाकता बादलीभर पाण्यात कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळ तेवढी ओतावी. चुना आत गेला तर पाणी गढूळ होते आणि सामू आणखी चढतो.

तळ दिसला पाहिजे

वादळानंतरच्या तलावात सर्वांत मोठा धोका जंतूंचा नसतो, गढूळपणाचा असतो. दीड मीटर खोल पाण्यात तळ दिसत नसेल, तर तळाशी गेलेले मूलही दिसत नाही. सिनेमात दाखवतात तसे बुडणारे मूल हात मारत ओरडत नाही. तोंड पाण्याखाली गेले की आवाज निघत नाही आणि काठावर गप्पा मारणाऱ्यांना काही कळतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख लोक बुडून मरण पावले. त्यांतली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती. या वयाच्या मुलाला बुडायला फार खोल पाणी लागत नाही. घरच्या तलावाला कुंपण आणि कडी असलेले फाटक नसेल, तर पाणी कितीही स्वच्छ असले तरी तो तलाव सुरक्षित नाही.

तेव्हा वादळानंतरचा पहिला नियम असा की काठावर उभे राहून तळाच्या जाळीच्या खाचा स्पष्ट दिसेपर्यंत कुणीही पाण्यात उतरायचे नाही. पाहुण्यांनी पैसे भरलेले असोत वा नसोत.

आता हा गढूळपणा इतका चिवट का असतो? इथली काळी माती चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांची बनलेली आहे. दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या हिश्श्याएवढा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला अडीच-तीन दिवस घेतो. त्याच्याही दहाव्या हिश्श्याएवढ्या कणाला तेच अंतर कापायला आठ-नऊ महिने लागतील. तलावाचा वाळूचा फिल्टर साधारण वीस-तीस मायक्रॉनपर्यंतची घाण अडवतो. त्याखालचे कण त्यातून आरपार जातात आणि फिरून तलावात येतात. चोवीस तास पंप चालवूनही पाणी चहाच्याच रंगाचे राहते, त्याचे कारण हे. या कणांवर ऋण विद्युतभार असतो. ते एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे त्यांचे गोळे होऊन ते खाली बसत नाहीत.

यावरचा उपाय आपल्या आजी-पणजींना ठाऊक होता. पुराचे गढूळ पाणी भरले की त्या हंड्यात तुरटी फिरवत, काही घरांत निवळीचे बी उगाळत. तुरटीतील ॲल्युमिनियमचा धन भार मातीच्या कणांचा ऋण भार फेडतो, कण एकत्र येतात, कापसासारखे पुंजके बनतात आणि खाली बसतात. तलावातही हेच करायचे, फक्त मोजून. हजार लिटरला ३० ते ५० ग्रॅम हे सर्वसाधारण प्रमाण. आधी वीस लिटरच्या बादलीत तलावाचे पाणी घेऊन एक ग्रॅम तुरटी विरघळवून पाहावी. तासाभरात पुंजके दिसले तर प्रमाण बरोबर आहे. मग विरघळवलेली तुरटी तलावभर फिरवून ओतावी, फिल्टरला वळसा देऊन पंप तास-दोन तास चालवावा आणि रात्रभर बंद ठेवावा. सकाळी तळाला गाळाची साय बसलेली दिसते. ती व्हॅक्यूमने हळूच ओढून थेट बाहेर सोडायची. फिल्टरमधून ओढली तर वाळू चोंदते, किंवा साय फुटून पुन्हा पाण्यात मिसळते. तुरटीने सामू थोडा उतरतो. इथल्या जड पाण्याला तो बहुधा उतरलेलाच बरा.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी पाने आणि कचरा जाळीने काढायचा, मग माती बसवायची आणि शेवटी क्लोरीन वाढवायचे. उलट केले तर क्लोरीन पाने-मातीवर खर्च होते आणि चिखलाच्या कणाआड लपलेला जंतू वाचतो.

जंतूंचे म्हणाल, तर सगळे सारखे नसतात. लिटरमागे एक मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन आणि योग्य सामू असेल तर शेणातून येणारा घातक ई-कोलाय मिनिटभरात मरतो. कावीळ करणारा हिपॅटायटिस ए विषाणू सुमारे सोळा मिनिटे टिकतो, जिआर्डिया पाऊण तास. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाब करणारा परजीवी मात्र तेवढ्याच क्लोरीनमध्ये दहा दिवसांहून अधिक जगतो. म्हणून जुलाब झालेल्या मुलाला पाण्यात सोडू नये, आणि जुलाब थांबल्यावरही काही दिवस थांबावे. हा नियम कुठल्याही पावडरीपेक्षा भारी आहे.

उंदीर आणि गुरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस पावसाळ्यात नेहमी चर्चेत असतो. क्लोरीन नीट असलेल्या तलावात त्याचे जंतू टिकत नाहीत, पण वादळाच्या दुसऱ्या दिवशी पायाला जखम असताना त्याच गढूळ पाण्यात उतरून साफसफाई करणाऱ्या गड्याला तो होऊ शकतो. त्याला गमबूट आणि हातमोजे द्यायला हवेत. पुढच्या पंधरवड्यात त्याला ताप, डोळ्यांची लाली किंवा पोटऱ्यांत असह्य दुखणे जाणवले, तर डॉक्टरांना साचलेल्या पाण्याचा उल्लेख आवर्जून करावा. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये अमिबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण वाढले, तेव्हा गोड्या, कोमट, क्लोरीन नसलेल्या पाण्याकडे सर्वांचे लक्ष गेले. हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे आणि पाणी पिऊन होत नाही. पाणी जोराने नाकात शिरले तर अमिबा मेंदूपर्यंत जाऊ शकतो. आठवड्याभरात तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या आणि मान ताठ होणे अशी लक्षणे दिसली तर एक तासही घरी काढू नये.

वीज, वरची आणि खालची

वळवाच्या दिवसांत वीज पडून माणसे आणि जनावरे दगावतात, हे ग्रामीण महाराष्ट्राला सांगायला नको. तलावातला माणूस ओला, उघड्यावर आणि सपाट जागी असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. अंतर तीस सेकंदांहून कमी असेल, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि सर्वांनी पक्क्या घरात जायचे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. पुण्यातच पाषाण येथे असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप तयार केले आहे. आपल्यापासून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर ते इशारा देते. तलावाची किल्ली ज्याच्याकडे, त्याच्या फोनमध्ये ते असलेच पाहिजे.

दुसरी वीज तारेतून येते. वादळात डीपीवर झाड पडते, लाईट येते-जाते, दाब कमी-जास्त होतो. तलावाचा पंप पावसाच्या पाण्यात बुडालेला असतो आणि गडी खटका दाबायला चिखलातून जातो. घरातला एमसीबी जास्त भार आला तर तुटतो, पण माणसाच्या अंगातून गळणारी वीज तो ओळखत नाही. त्यासाठी ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आणि चांगले आर्थिंग लागते. पाण्याखालचे दिवे बारा व्होल्टचेच हवेत. पंपघरात पाणी शिरले असेल, तर मुख्य खटका बंद करून वायरमनने तपासल्याशिवाय काहीही चालू करू नये. एक दिवस पाणी हिरवे झाले तरी चालेल.

रिकामा करण्याची घाई

गढूळ पाणी सोडून देऊन नवे भरू, हा विचार स्वाभाविक वाटतो. भर पावसाळ्यात तो तलावालाच उचलून टाकू शकतो. जमिनीत मुरलेले पाणी तलावाच्या तळाला खालून वर ढकलत असते. आतले पाणी त्याला दाबून धरते. आतले काढून घेतले की दाब एकतर्फी होतो. भूजल तळापेक्षा फक्त एक मीटर वर असेल, तरी दर चौरस मीटरला एक टन रेटा येतो. आठ बाय चारच्या तलावाला बत्तीस टन. अर्धा फूट जाडीच्या काँक्रीटच्या तळाचे वजन याच्या निम्मेही भरत नाही. तळ फुगतो, टाइल्स उडतात, कोपऱ्यात चीर जाते.

दौंडच्या कालवापट्ट्यात हा धोका पावसापुरताच नसतो. कालव्याला आवर्तन सुटले की आजूबाजूच्या विहिरींचे पाणी चढते, हे प्रत्येक बागायतदार जाणतो. तेच पाणी तलावाखालीही चढते. त्यात काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या वळवाचे पाणी त्या भेगांतून खोल उतरते आणि माती फुगून भिंतींना बाजूने दाबते. त्यामुळे तलाव भरलेला ठेवावा. पाणी काठाशी आले तर वीतभर उपसावे, फार तर एक तृतीयांशपर्यंत. पूर्ण रिकामा करायचाच असेल, तर शेजारच्या विहिरीची पातळी पाहून, कोरड्या दिवसांत करावा.

भरलेला पण न वापरलेला तलाव मात्र डासांचे आयते घर होतो. जूननंतर पाहुणे थांबतात, पंप बंद होतो, वर ताडपत्री येते आणि ताडपत्रीच्या खोलगटांत पावसाचे स्वच्छ पाणी साचते. डेंगी, चिकुनगुन्या आणि झिका पसरवणाऱ्या एडिस डासाला असेच पाणी हवे असते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये आढळला, तो दौंडच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातील बेलसर गावात. आरोग्य विभाग आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगतो. हंडे-पिंपांबरोबर ताडपत्रीही त्या दिवशी झटकावी. तलावात क्लोरीन असेल आणि पंप रोज चालत असेल तर त्यात अळ्या धरत नाहीत. शेततळ्यात गप्पी मासे सोडता येतात, पण क्लोरीनच्या पाण्यात ते मरतात.

रसायनांची खोली हा वेगळाच विषय आहे. टीसीएल पावडर आणि गोल टिकल्या, ज्यांना ठेकेदार ‘टीसीसीए’ म्हणतात, ही दोन्ही क्लोरीनची रूपे असली तरी एका डब्यात किंवा एका मापात कधीही एकत्र करू नयेत. ओलाव्याने दोघांची प्रक्रिया पेट घेण्यापर्यंत, स्फोटापर्यंत जाऊ शकते. ब्लीचिंग पावडरवर आम्ल पडले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि सामू उतरवायला वापरले जाणारे आम्ल नेमके त्याच फळीवर ठेवलेले असते. पत्रा गळून पाणी आत आले की या चुका आपोआप घडतात. रसायने जमिनीपासून उंच, वेगवेगळ्या फळ्यांवर, कोरडी आणि कुलपात ठेवावीत. नेहमी पाण्यात रसायन घालावे, रसायनावर पाणी ओतू नये.

उपसलेले पाणी कुठे सोडायचे, याचाही विचार आधी करावा लागतो. भरपूर क्लोरीन मारलेले पाणी ओढ्यात किंवा शेततळ्यात गेले तर मासे मरतात, आणि घोड काय किंवा भीमा काय, शेवटी सगळे ओढे तिथेच जातात. क्लोरीन वाढवणे थांबवून पाणी तीन-चार दिवस उन्हात राहू दिले की ते उडून जाते. चाचणीत रंग येईनासा झाला, की तेच पाणी नारळाला किंवा बांधावरच्या झाडांना देता येते. तुरटीने बसवलेला गाळ मात्र विहिरीपासून लांब, एका खड्ड्यात मुरवावा.